राष्ट्रीय युवक फुटबॉल संघांतील निवड : जन्मतारखेचा एक इतिहास

खेळांचा इतिहास लिहिण्याची रूढ पद्धत विजयांची आणि विक्रमांची यादी देण्याची आहे. अशा यादीत कोण खेळले हे सापडते. कोणाला खेळावयास मिळाले नाही, आणि का मिळाले नाही, हे सापडत नाही. राष्ट्रीय युवक फुटबॉल संघांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची निवड होणे वा न होणे, आणि निवड झाल्यावर त्याला प्रत्यक्ष मैदानात किती मिनिटे मिळणे, ह्यांवर त्याचे शिक्षण, त्याची उपजीविका आणि एका मर्यादित अर्थाने त्याचे राष्ट्रीयत्वही अवलंबून राहिलेले आहे. ही निवड केवळ खेळातील गुणांवर होते असे सर्वत्र सांगितले जाते. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांचा वृत्तांत तपासता असे दिसून येते की, गुणांचा विचार सुरू होण्यापूर्वीच कागदावरील एका तारखेने बरीचशी निवड करून टाकलेली असते.

प्रथम ‘सतरा वर्षांखालील’ ह्या शब्दप्रयोगाकडेच पाहावे. मराठी वृत्तपत्रांनी तो इंग्रजीवरून घेतला आणि तो आता रूढ झाला आहे. त्याचा सरळ अर्थ घेतला तर तो खोटा ठरतो. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेस १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेला खेळाडू पात्र होता. स्पर्धा ऑक्टोबरात झाली. म्हणजे २००० च्या जानेवारीत जन्मलेला मुलगा मैदानात उतरला तेव्हा त्याला सतरा वर्षे पूर्ण होऊन नऊ महिने लोटलेले होते. तो सतरा वर्षांखालील नव्हता. तो एका तारखेच्या अलीकडील होता. भाषेत ‘वय’ असा शब्द आहे, नियमात मात्र वय नाही, केवळ तारीख आहे. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. ह्या क्षेत्रातील बहुतेक अन्यायांचा आणि लबाड्यांचा उगम नेमका ह्याच फटीत आहे.

युवक संघांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना संघटित रूप आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४८ साली इंग्लंडमध्ये युरोपातील युवकांची पहिली स्पर्धा भरली आणि ती यजमानांनीच जिंकली. आशियात १९५९ साली क्वालालंपूर येथे अशा स्पर्धेस प्रारंभ झाला. ह्याच आशियाई युवक स्पर्धेत १९७४ साली बँकॉक येथे अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि शब्बीर अलीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ इराणसह संयुक्त विजेता ठरला. भारतीय युवक फुटबॉलचे ते यश आजही एकाकीच उभे आहे. जागतिक पातळीवरील पहिली युवक स्पर्धा ‘फिफा’ने १९७७ साली ट्युनिशियात भरविली, ती सोव्हिएत संघाने जिंकली. त्याहून लहान मुलांची स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली. तिची मर्यादा प्रथम सोळा वर्षांची होती, ती १९९१ पासून सतरा झाली.

ह्या सर्व स्पर्धांना मर्यादेची एक तारीख आवश्यक होती. ती दीर्घकाळ १ ऑगस्ट अशी होती. ह्यामागे मुलांच्या शरीराविषयीचा कोणताही विचार नव्हता. युरोपातील फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो, आणि कार्यालयातील नोंदवह्यांचे वर्षही तेव्हाच उघडते, एवढेच त्याचे कारण. १९९७ मध्ये ही तारीख बदलून १ जानेवारी करण्यात आली. कारकुनी सोयीचा हा बदल, पण एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम योजिलेल्या प्रयोगासारखा तो उपयोगी पडला.

त्याची पार्श्वभूमी अशी. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली ह्यांनी १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामना पाहावयास गेले असता त्यांच्या पत्नी पॉला ह्यांना कार्यक्रमपत्रिकेतील जन्मतारखा वाचताना जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुनःपुन्हा दिसले, आणि तेथून ह्या अभ्यासाचा आरंभ झाला. तेथील वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात. जानेवारीत जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा कागदावर समवयस्क. प्रत्यक्षात पहिल्याने दुसऱ्यापेक्षा जवळजवळ एक वर्ष अधिक पाहिलेले असते. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. उंची, वजन, धावण्याचा वेग ह्या सर्वांत तो मुलगा पुढे असतो, आणि पाहणारा प्रशिक्षक त्या पुढे असण्यालाच ‘गुण’ असे नाव देतो. मग त्याला अधिक चांगले प्रशिक्षण, अधिक कठीण प्रतिस्पर्धी आणि अधिक सामने मिळतात. चार वर्षांनी तो खरोखरच अधिक गुणी झालेला असतो. भाकिताने स्वतःच स्वतःला खरे करून दाखविले, असे ह्याचे स्वरूप आहे. १९९२ मध्ये बार्न्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या फुटबॉलमधील जागतिक युवक स्पर्धांतील खेळाडू तपासले आणि तेथेही मर्यादेच्या तारखेनंतरच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दाखवून दिली.

आक्षेप घेणाऱ्यास येथे जागा होती. कदाचित ह्या महिन्यांत जन्मलेली मुले ऋतुमानामुळे, आहारामुळे मुळातच सुदृढ असतील! ह्या आक्षेपाचे उत्तर १९९७ च्या बदलाने दिले. बेल्जियममधील संशोधक व्हर्नर हेल्सेन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या हंगामांतील निवडलेल्या मुलांची तुलना करून तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध केले. तारीख ऑगस्टात होती तोवर ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेली मुले ‘गुणी’ ठरत होती. तारीख जानेवारीत येताच जानेवारी ते मार्च ह्या महिन्यांतील मुले ‘गुणी’ ठरू लागली. हवामान तेच, आया त्याच, आहार तोच. बदलली होती केवळ कागदावरील रेघ. गुणवत्ता एका वर्षात पाच महिने सरकू शकते, ही गोष्ट निवड समित्यांच्या सदस्यांनी खरे तर फार गंभीरपणे घ्यावयास हवी होती.

जुन्या रेघेच्या अगदी लगत जन्मलेल्यांपैकी एक नाव सर्वपरिचित आहे. १९९७ च्या मलेशियातील वीस वर्षांखालील स्पर्धेत फ्रान्सकडून खेळलेला थिएरी आन्री ह्याचा जन्म १७ ऑगस्ट १९७७ चा. त्या स्पर्धेची मर्यादा १ ऑगस्ट १९७७ होती. आन्रीसारखा खेळाडू तीन आठवडे आधी जन्मता तरी पुढे आलाच असता, असे म्हणता येईल. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न त्याच्याइतके असामान्य नसलेल्या, पण चांगले असलेल्या शेकडो मुलांचा आहे. त्यांच्या बाबतीत तीन आठवडे पुरेसे असतात.

जेथे तारखेला एवढी किंमत, तेथे तारीख खोटी करण्याचा मोह ओघानेच आला. १९८८ साली ग्वाटेमालामध्ये झालेल्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकोने वयोमर्यादा ओलांडलेले चार खेळाडू खेळविले. हे प्रकरण उघडकीस आले ते कोणा गुप्तहेराकडून नव्हे. मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाने स्वतःच छापलेल्या वार्षिकांत ह्या खेळाडूंच्या खऱ्या जन्मतारखा होत्या. एका पत्रकाराने त्या ताडून पाहिल्या. फिफाने मेक्सिकोला सर्व स्पर्धांतून दोन वर्षे बाद केले. परिणामी १९८८ चे सोल ऑलिंपिक आणि १९९० चा इटलीतील विश्वचषक ह्या दोन्हींस मेक्सिकोचा वरिष्ठ संघ मुकला. युवकांच्या कागदपत्रांनी प्रौढांचा विश्वचषक गमावल्याचे असे दुसरे उदाहरण नाही. त्याच सुमारास नायजेरियाच्या तीन खेळाडूंच्या १९८८ च्या ऑलिंपिकसाठी दिलेल्या जन्मतारखा पूर्वीच्या स्पर्धांतील तारखांशी जुळेनात. त्या देशाच्या युवक संघांवर बंदी आली आणि १९९१ च्या युवक स्पर्धेचे यजमानपद त्याच्याकडून जाऊन पोर्तुगालकडे आले.

ह्या प्रकारांकडे केवळ नीतीच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. जन्माची नोंद ही सर्व समाजांत सारखीच जुनी आणि सारखीच पक्की गोष्ट नाही. महाराष्ट्रातील वाचकास ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शाळेत नाव घालताना पालकास जन्मतारीख सांगता आली नाही म्हणजे गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. शाळेचे वर्ष जूनमध्ये उघडत असल्यामुळे हिशेब सोपा जाई. अशा रीतीने १ जून रोजी जन्मलेल्यांची एक संपूर्ण पिढी ह्या राज्यात आहे. ह्यात लबाडी नव्हती, कागदाची गरज होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला. जन्माचा दाखला हाच वयाचा पुरावा मानावयाची तरतूद तर १ ऑक्टोबर २०२३ पासून व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. ज्या समाजात तारीख अंदाजाने लिहिली जाते, त्या समाजातील मुलाला दिवसाच्या अचूकतेने मोजणाऱ्या नियमासमोर उभे केले, तर खोटेपणा कोठे सुरू होतो हे ठरविणे सोपे नसते. अर्थात मेक्सिकोच्या प्रकरणास ही सबब लागू नाही. तेथे खरी तारीख महासंघाला ठाऊक होती.

कागदावरील विश्वास उडाल्यावर फिफा हाडांकडे वळली. मनगटाजवळील हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वाढ पूर्ण होताना ती हाडाशी एकजीव होते. क्ष-किरणांनी हे पाहता येते, परंतु निरोगी मुलांवर निष्कारण क्षारण नव्हे, किरणांचा मारा करणे अयोग्य, म्हणून चुंबकीय पद्धतीची एम. आर. आय. तपासणी निवडण्यात आली. यिरी द्व्होराक आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना येथील मुलांची मनगटे तपासून २००७ मध्ये तिचे सहा टप्पे ठरविले. सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी संपूर्ण एकजीव झालेले हाड क्वचितच आढळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००९ च्या नायजेरियातील सतरा वर्षांखालील स्पर्धेपासून ही तपासणी लागू झाली. ती लबाडी रोखण्यास निःसंशय उपयोगी पडली. परंतु तिच्यात एक उपरोध दडलेला आहे. लवकर वाढलेला मुलगा आजवर निवडीत सर्वांत लाडका होता. आता त्याच लवकर वाढण्यामुळे तो संशयित ठरू लागला. आणि उशिरा वाढणाऱ्यास ह्या तपासणीने काहीच दिले नाही. हाड पुरेसे कोवळे आहे एवढेच ती सांगते. कोवळ्या हाडाच्या मुलास संघात घ्या, असे ती सांगत नाही.

येथवर विचार झाला तो संघात येण्याचा. संघात येणे आणि खेळणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत, आणि अभ्यासकांचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे फार कमी गेले आहे. २०१७ च्या स्पर्धेत प्रत्येक संघात २१ खेळाडू होते, त्यांपैकी तीन गोलरक्षक. साखळीतील तीन सामने म्हणजे प्रत्येक जागेस २७० मिनिटे. गोलरक्षकाची जागा सहसा बदलत नाही. तेव्हा दोन गोलरक्षक बाकावरच बसणार हे जवळजवळ आधीच ठरलेले. उरलेल्या दहा जागांची २७०० मिनिटे अठरा मुलांत समान वाटली तर प्रत्येकास १५० मिनिटे येतील. अशी वाटणी कोणीच करीत नाही. सामन्यात तीनच बदली खेळाडू उतरविता येत, आणि त्यांपैकी शेवटचा बहुधा अखेरच्या दहा मिनिटांत उतरे. अशा दोन संधी मिळालेल्या मुलाच्या नावावर वीस मिनिटे जमा होतात. मायदेशी मात्र तो विश्वचषक खेळलेला म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्याकडून अपेक्षा त्या ओळखीच्या मापाने केल्या जातात.

मिनिटांची वाटणी प्रशिक्षकाच्या भीतीप्रमाणे होते, हे २००५ च्या नेदरलँड्समधील वीस वर्षांखालील स्पर्धेत दिसले. लिओनेल मेस्सी त्या वेळी नुकताच अठरा वर्षांचा होत होता. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यास आरंभी बाहेर बसविले गेले. मध्यंतरानंतर तो आला, आणि अर्जेंटिना ०-१ अशी हरली. त्यानंतर त्यास बसविण्याचे धैर्य कोणी केले नाही. अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्ध अर्जेंटिनाने २-१ असा विजय मिळविला, त्यातील दोन्ही गोल मेस्सीचे. पराभवामुळे का होईना, प्रशिक्षकास आपला निर्णय बदलावा लागला. मात्र पहिला सामना अर्जेंटिनाने जिंकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कल्पनेचा असला तरी निरर्थक नाही. जिंकणारा संघ बदलला जात नाही. बाकावरील मुलाच्या दृष्टीने आपल्या संघाचा विजय हीच मोठी अडचण असते.

मेस्सीचेच आणखी एक उदाहरण मिनिटांचे दुसरे मोल दाखविते. तो स्पेनमध्ये वाढत होता आणि स्पेनच्या युवक संघाचे त्याच्याकडे लक्ष होते. तेव्हा २९ जून २००४ रोजी अर्जेंटिनाने पराग्वेच्या युवक संघाबरोबर घाईने एक मैत्रीचा सामना ठरविला. मध्यंतरानंतर मेस्सीस उतरविण्यात आले. सामना ८-० असा जिंकला गेला. तो सामना प्रतिस्पर्ध्यासाठी नव्हताच. तो मुलास आपला म्हणून जाहीर करण्याचा विधी होता. त्यापूर्वीच्या काही वर्षांत युवक संघातून अधिकृत सामना खेळलेला मुलगा पुढे त्याच देशाशी बांधला जाई. २००४ मध्ये एकवीस वर्षांच्या आत एकदा देश बदलण्याची मुभा मिळाली, २००९ मध्ये ती वयाची अट गेली, आणि २०२० मध्ये नियम आणखी सैल झाला. सोळाव्या वर्षी खेळलेली दहा मिनिटे नागरिकत्वाच्या अर्जाइतकी वजनदार ठरू शकत, हे ह्या नियमांच्या मागे मागे जाताच ध्यानात येते.

महिन्यांच्या विषमतेविषयी जितके लिहिले गेले तितके वर्षांच्या विषमतेविषयी लिहिले गेले नाही. सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा दीर्घकाळ दर दोन वर्षांनी, विषम सनात भरत असे. २०१७ च्या स्पर्धेस २००० सालचे मुलगे सर्वांत मोठे. २०१९ च्या स्पर्धेस २००२ सालचे. मग २००१ साली जन्मलेल्या मुलाने काय करावे? २०१७ मध्ये तो आपल्याहून एक वर्षाने मोठ्या मुलांशी स्पर्धा करणार, आणि २०१९ मध्ये तो अपात्र. सम सनात जन्मलेल्यांस पूर्ण वाढलेल्या अंगाने एक संधी मिळे; विषम सनात जन्मलेल्यांस ती अर्धवटच मिळे. जन्ममहिन्याचा तोटा फार तर अकरा महिन्यांचा. हा तोटा पुरत्या वर्षाचा. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी भरू लागली आणि ही विषमता आपोआप संपली.

ह्या पार्श्वभूमीवर भारताचा २०१७ चा संघ पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण लक्षात येते. यजमान म्हणून भारतास पात्रता फेरी खेळावी लागली नाही, तेव्हा संघ घडविण्यास वेळ मिळाला. २०१५ पासून जर्मन प्रशिक्षक निकोलाय आडाम ह्यांच्याकडे हे काम होते. सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्यात झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सौदी अरेबियास ३-३ असे रोखले, परंतु संयुक्त अरब अमिराती आणि इराण ह्यांच्याकडून तो हरला. २०१७ च्या आरंभी आडाम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोश आले. विश्वचषक सात महिन्यांवर आलेला. निवड पक्की झालेली असताना प्रशिक्षक बदलला, आणि त्यामुळे बंद झालेली दारे पुन्हा किलकिली झाली. मिनर्वा संस्थेच्या मुलांनी एका सराव सामन्यात राष्ट्रीय संघासच हरविले, आणि त्या मुलांपैकी काही जण राष्ट्रीय संघात घेतले गेले. त्यांत मणिपूरचा जीक्सन सिंह होता. पूर्वीच्या निवडीत त्यास स्थान मिळालेले नव्हते.

अंतिम २१ जणांत आठ मुलगे मणिपूरचे होते. एवढ्या लहान राज्याच्या मानाने हे प्रमाण थक्क करणारे आहे. महाराष्ट्रातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीस होता. कोल्हापुरातील फुटबॉल तालमींच्या आधाराने वाढला; तेथील संघ वयावर नव्हे, तर पेठेवर उभे असतात, आणि पोरसवदा खेळाडूस थोरांबरोबरच धक्के खावे लागतात. वयोगटांच्या बंदिस्त शिडीवाचूनही खेळाडू घडतो, ह्याची ती एक साक्ष. संघातील नमित देशपांडे अमेरिकेतून आला होता. दुहेरी नागरिकत्व भारतास मान्य नसल्यामुळे त्याच्या बाबतीत खेळाइतकेच पारपत्र निर्णायक होते.

भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला. ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटास संजीव स्टालिनच्या कोपऱ्यावरील किकवर जीक्सनने डोक्याने गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिला गोल. दुसऱ्याच मिनिटास कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. ह्या गोलाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्यातील एका तपशिलाकडे फारसे कोणी पाहिले नाही. जीक्सनचा जन्म २१ जून २००१ चा. महिन्याने वर्षाच्या मध्यावरचा, सनाने विषम, आणि आधी नाकारलेला. कर्णधार अमरजित सिंह हाही २००१ चाच. म्हणजे सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांहून वर्षाने लहान असलेली ही दोन मुले मध्यफळीत उभी होती. प्रशिक्षक बदलला नसता तर त्यांपैकी एकाचे नाव बहुधा कोठेच आले नसते. निवडीची पद्धत योग्य होती म्हणून जीक्सन सापडला नाही. ती अपघाताने मोडली म्हणून सापडला.

स्पर्धेनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जे केले ते मिनिटांच्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा पूर्वी बंद केलेला संघ २०१७ मध्ये पुन्हा उभारून ही मुले आय-लीगमध्ये प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध उतरविण्यात आली. हा संघ कितीही हरला तरी खालच्या गटात ढकलला जाणार नव्हता. हरण्याची शिक्षा काढून घेतल्यामुळे कोवळ्या मुलांस नव्वद-नव्वद मिनिटे देणे शक्य झाले. त्या तुकडीतील अनेक जण पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघातून खेळले. २०२२ मध्ये हा संघ पुन्हा बंद करण्यात आला, आणि त्या मुलांच्या पाठोपाठ आलेल्यांस मोठ्या क्लबांच्या बाकांवर जागा शोधावी लागली.

परदेशांत ह्या प्रश्नास दोन प्रकारची उत्तरे शोधली गेली. बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी मुख्य युवक संघांच्या जोडीने दुसरे राष्ट्रीय संघ ठेवले. त्या मुलांस राष्ट्रीय पोशाखात, परदेशी प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, आपल्याच शारीरिक टप्प्यावरच्या सोबत्यांसह खेळावयास मिळते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ मध्ये जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून काही सामने घेतले. लवकर वाढलेल्या मुलास तेथे प्रथमच आपल्याइतक्याच दणकट मुलाशी झुंजावे लागले आणि अंगबळाऐवजी पायांतील कसब वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यास चेंडू पायांशी ठेवण्यास उसंत मिळाली. इंग्लंडमध्ये शाळेचे आणि क्लबांचे वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा क्लबात थोरला असतो, आणि राष्ट्रीय युवक संघाच्या निवडीस आला की त्याच वर्षी जन्मलेल्यांत धाकटा ठरतो. जागतिक स्पर्धांच्या नियमांत १ जानेवारी ही तारीख कायम आहे.